पात्रतेच्या पाच ओळी

दवाखान्यात तिला सगळे सेटमावशी म्हणायचे. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, सुईच्या पकडी हे सगळं धुऊन, पुसून, मोजून एका ट्रेमध्ये रचायचं, दुहेरी कापडात बांधायचं आणि वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक करून थिएटरला पोचवायचं, हे तिचं काम. अशा एका गाठोड्याला सेट म्हणतात. तळमजल्यावरच्या खिडकी नसलेल्या, कायम दमट उबदार खोलीत ती अठरा वर्षं सेट बांधत होती. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि नवऱ्याला आठवत होतं, तेवढंच.

वय शेहेचाळीस. अंगकाठी बारीक, चालणं भरभर. काळजी लागली की हाताशी येईल ते मोजत बसायची सवय. कपडे वाळत घालायचे चिमटे, जिन्याच्या पायऱ्या, डब्यातले चमचे. त्या महिन्यात ती चमचे दिवसातून तीनदा मोजत होती, कारण दवाखाना बंद होणार होता.

म्हाताऱ्या मालक डॉक्टरांनी सगळ्यांना थिएटरबाहेरच्या बोळात बोलावून सांगितलं. आता आपले हात थरथरतात, मुलगा हे चालवणार नाही, महिनाअखेरीला दार बंद. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे अनुभव आहे. कुठेही जा, हातोहात घेतील."

डॉक्टरांचं बरं होतं. त्यांना कुठे अर्ज करायचा नव्हता.

पुलापलीकडे एक मोठं रुग्णालय नवीनच सुरू झालं होतं. तिथे निर्जंतुकीकरण विभागात तंत्रज्ञ हवे होते. लाँड्रीवाल्या मामांनी जाहिरातीची छापील प्रत आणून दिली. शिक्षण बारावी, याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव, सोबत बायोडेटा. आणि खाली ठळक अक्षरांत: बायोडेट्यातला 'पात्रता' हा भाग पाच ओळींत, नेमका लिहावा.

मामा म्हणाले, "पाच ओळी म्हणजे काय, चहा निवायच्या आत होतील."

चार दिवस झाले तरी एकही ओळ होईना. जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून बघायची. 'मी अठरा वर्षे काम करते.' मग पुढे काय? 'काम चोख आहे' असं लिहिलं आणि खोडलं. आपल्याच हाताने आपली पाठ किती थोपटायची? 'सर्व काम येते' असं लिहिलं, तेही खोडलं. सर्व म्हणजे काय, आणि येत नाही असं कोण लिहिणार?

पण खरा फास या ओळींचा नव्हता. तो जाहिरातीतल्या पहिल्याच अटीचा होता.

तिची बारावी झाली नव्हती. म्हणजे वर्ष झालं होतं, परीक्षाही झाली होती, पण हिशेबशास्त्रात ती नापास झाली होती. पुन्हा बसायचं ठरत होतं तोवर लग्नाचं जमलं. सासरच्यांनी शिक्षण विचारलं, तेव्हा तिचे सख्खे मामा हसून म्हणाले होते, "बारावी झालीय पोरीची." मामा तसे खोटं बोलले नव्हते. झालीच होती बारावी. पास झाली असं कुठे म्हणाले? ती शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली आणि सगळ्यांना ती लाज वाटली, म्हणजे लग्नाळू मुलीला वाटते तशी.

त्याला सव्वीस वर्षं होऊन गेली. सासू-सासरे गेले, मामाही गेले. नवरा चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरात बारावी शिकलेली ही पहिली." तो स्वतः आठवीतून शाळा सोडून लिफ्ट दुरुस्त करायला शिकला होता. तो असं म्हणाला की ती काहीतरी निमित्त काढून आत जायची आणि मग विसरून जायची. रोजच्या रामरगाड्यात असं विसरता येतं. आता मात्र विसरता येईना.

पाचव्या दिवशी घरी सुनेने तिला लेबलांवर खरडताना पकडलं. सून तेवीस वर्षांची, कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांच्या घाईला तोंड देऊन तिची जीभ आणि बोटं दोन्ही वेगात चालायची. मुलगा बाहेरगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. तोवर घरात या दोघी आणि सेटमावशीचे यजमान, ज्यांना सगळे लिफ्टवाले म्हणायचे.

"आई, हे काय? मला सांगायचं नाही का? दहा मिनिटांचं काम."

"अगं, बघते मी सावकाश."

"सावकाश कसलं! आज शेवटची तारीख आहे, इथे लिहिलंय." सुनेने जाहिरात फडकवली आणि मोबाइल काढला. "आता सगळं तयार मिळतं. नमुना घ्यायचा, नाव बदलायचं. हे बघा. 'उत्साही, ध्येयनिष्ठ व परिणामकेंद्री व्यक्तिमत्त्व. संघभावनेने काम करण्याची हातोटी. आव्हाने स्वीकारण्याची तीव्र इच्छा.'"

सेटमावशीने ते दोनदा ऐकलं. "हे कोण आहे?"

"तुम्हीच!"

"मला कुठे आव्हानं स्वीकारायची इच्छा आहे? मला नोकरी हवीय."

"आई, असंच लिहितात. सगळे लिहितात. आमच्या साहेबांनी तर लिहिलं होतं की त्यांना चार भाषा येतात. एकीत तरी धड बोलतात का विचारा! खोटं बोल पण रेटून बोल." सून हसली. बोटं चालूच होती. "शिक्षण... बारावी उत्तीर्ण. वर्ष कुठलं?"

सेटमावशीने वर्ष सांगितलं.

"टक्के?"

"आठवत नाहीत आता."

"राहू दे, नाही विचारलेले. बारावी उत्तीर्ण, बरोबर ना?"

कुकरची शिट्टी झाली. सेटमावशी उठली, गॅस बारीक केला आणि सुनेकडे पाठ असतानाच म्हणाली, "हं."

एवढंच. एक 'हं'. मागे वळून बघितलं तर सून मोबाइल टेबलावर ठेवून म्हणत होती, "गेला अर्ज. आता बिनधास्त राहा."

बिनधास्त कसली राहते! त्या दिवसापासून तिची झोप चाळणीसारखी झाली. कामावर सगळं हाताच्या सवयीने चालायचं, आणि सवयीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी एक सेट बांधून झाल्यावर तिला उगीचच शंका आली. तिने गाठ सोडून पुन्हा मोजलं. यादीत बारा चिमटे, ट्रेमध्ये अकरा. बारावा धुण्याच्या टाकीच्या काठावर पडला होता. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. चिमटा कमी गेला असता तर काही कोणी मेलं नसतं, थिएटरमध्येही मोजतात. पण टाकीच्या काठावरचा तो चिमटा बघून तिला घाम फुटला. ती खुर्चीवर बसली, आणि उठली ती थेट मोठ्या सिस्टरांकडे जायचं ठरवूनच.

मोठ्या सिस्टर म्हणजे थिएटरच्या मुख्य परिचारिका. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. सेटमावशीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. सुरुवातीला तर हातावर पट्टी मारून. कडक बाई. त्यांच्या काळात थिएटरमध्ये डॉक्टरसुद्धा चपला सरळ काढायचे. आता गुडघ्याच्या दुखण्याने घरातच असायच्या, आणि घरात हुकूम करायला कोणी नसल्यामुळे जरा सुकल्या होत्या.

सेटमावशीने सुनेकडून छापून घेतलेला बायोडेटा पुढे केला. सिस्टरांनी चष्मा लावला, 'परिणामकेंद्री' वाचलं आणि चष्मा काढला.

"हे वाचून मला कळेल का, की ही बाई सेट बांधते की विमा विकते?"

"नाही."

"मग हे फाड."

"सिस्टर, पण मग लिहायचं काय? मी काय केलंय असं?"

"तू सकाळी आत गेल्यावर पहिलं काय करतेस?"

"यंत्राच्या दाराचं रबर हात फिरवून बघते. मग रिकामं यंत्र एकदा चालवते."

"का?"

"रबर कुठे उललं असेल तर वाफ गळते. आतपर्यंत पोचत नाही. मग सेट नुसतेच गरम होतात."

सिस्टरांनी पेन उचललं. "पुढे."

ती सांगत गेली. दिवसाला पस्तीस ते चाळीस सेट, हाडांचं ऑपरेशन असेल तर जास्त. प्रत्येक कात्री गॉजच्या जाळीदार कापडावर चालवून बघायची. टोकापर्यंत कापली नाही तर बाजूला. बिजागरीचं हत्यार उघडं ठेवायचं, जड खाली, नाजूक वर. गाठोड्यात वाफ पोचली की पांढऱ्याची काळी होणारी पट्टी ठेवायची. यंत्रात सेट उभे लावायचे, दोघांमध्ये तळवा जाईल एवढी फट. बाहेर काढल्यावर ओलसर लागला तर तो सेट बाद, पुन्हा पहिल्यापासून. सांगताना तिचे हात हवेत गाठी मारत होते. सिस्टरांनी दोन पानं भरली.

"आता तो दिवस सांग. वाकड्या नाकाच्या सर्जनचा."

सेटमावशीचा चेहरा उतरला. "तो कशाला? त्या दिवशी तर मी शिव्या खाल्ल्या."

"सांग म्हटलं ना."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फेरीचे चौदा सेट यंत्रातून निघाले. बाहेरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या, म्हणजे वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. पण मागच्या रांगेतलं एक गाठोडं तिच्या हाताला किंचित दमट लागलं. तिने ते सोडून बघितलं. आतली पट्टी निम्मी पांढरीच राहिली होती. तिने सगळे चौदा सेट रोखले. वर रुग्ण टेबलावर घेतला होता, भूल द्यायची बाकी होती. सर्जन स्वतः खाली आले आणि बोळात ओरडले, "मावशी, डॉक्टर तुम्ही का मी?" तरी ती ट्रॉलीसमोर उभी राहून एवढंच म्हणत राहिली, "सर, हे सेट मी देणार नाही." ऑपरेशन दुपारवर गेलं. मेकॅनिक आला, वाफेची झडप अर्धवट उघडत होती असं निघालं. कोणी तिला काही म्हणालं नाही, माफ करा नाही की शाब्बास नाही. तिच्या मनात तो दिवस 'शिव्या खाल्ल्या तो दिवस' म्हणूनच राहिला.

"त्या दिवसाची नोंद मी रजिस्टरमध्ये केली होती, सहीनिशी," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या अख्ख्या बायोडेट्यात लिहिण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तीच तू वगळतेस. पात्रता म्हणजे तू स्वतःला काय समजतेस ते नव्हे गं. दुसऱ्याने तुझ्या भरवशावर काय सोडावं, ते. त्यांची जाहिरात समोर ठेव. त्यांना जे हवंय त्यातलं तू केलेलं आधी लिही. आकडा माहीत असेल तिथे आकडा लिही. आणि 'माझ्या हातून कधीही संसर्ग झाला नाही' असलं काही लिहू नकोस. ते तुला दाखवून देता येणार नाही. जे दाखवता येत नाही, ते लिहायचं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि सेटमावशी रडायलाच लागली.

सिस्टर चपापल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं: मामांचं 'झालीय', तिचं 'हं', गेलेला अर्ज. सिस्टरांनी बायोडेट्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुझ्या सुनेला मी दोष देत नाही. तिने विचारलं होतं."

"मुलाखतीला बोलावलंच नाही तर?"

"तर सुटलीस. पण बोलावलं तर ही ओळ घेऊन आत जाऊ नकोस. तिथे मूळ प्रमाणपत्रं बघतात. आणि घरी आधी सांग."

तिने मान हलवली. घरी गेली आणि काही सांगितलं नाही. तिला मनापासून वाटत होतं की बोलावणंच येऊ नये. नोकरी नाही मिळाली तर मिळाली नाही, झाकली मूठ राहील.

शुक्रवारी संध्याकाळी सून जिन्यातूनच ओरडत आली, "आई! बोलावलंय! सोमवारी सकाळी अकरा!" लिफ्टवाले नुकतेच कामावरून येऊन हात धूत होते. तेलकट हातांनीच बाहेर आले. "अरे वा! म्हटलं नव्हतं मी? शिकलेल्या माणसाला मरण नाही."

"फक्त मूळ मार्कशीट न्यायचीय," सून मेसेज वाचत म्हणाली. "दहावीची आणि बारावीची. आई, कुठे ठेवलीय? मी फोटो काढून ठेवते."

"कपाटात असेल."

सून कपाटाकडे वळली. वरचा कप्पा उघडायचा आवाज आला. फायली खाली ठेवल्याचा आवाज आला. सेटमावशी ओट्याला टेकून उभी होती. दहावीची मार्कशीट सापडली, मुलाचा जन्मदाखला सापडला, विजेची जुनी बिलं सापडली. सून म्हणत होती, "इथे नाहीये हो. दुसरीकडे कुठे?" प्रत्येक कागद सरकल्याचा आवाज तिला कानात नाही, छातीत ऐकू येत होता. शेवटी तिला तो शोध सहन होईना.

"शोधू नकोस. नाहीये ती."

"हरवली? मग दुसरी प्रत मिळते, अर्ज करून..."

"हरवली नाही. आणायलाच गेले नव्हते. मी नापास झाले होते."

सून फायली घेऊन तशीच उभी राहिली. लिफ्टवाल्यांनी टॉवेल हातात घेतला होता, तो हातातच राहिला.

"हिशेबशास्त्रात," ती म्हणाली. जणू विषय सांगितल्याने काही कमी होणार होतं.

"म्हणजे लग्नाच्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुझे मामा तर..."

"मामा झालीय म्हणाले. मी गप्प बसले."

"सव्वीस वर्षं?"

त्यांनी टॉवेलने हात पुसले, सावकाश, बोटन् बोट. "बायको बारावी नापास म्हणून मी काय पळून गेलो असतो का? मला काय फरक पडत होता गं? पण मी गावभर सांगत फिरलो. तू ऐकत होतीस." एवढं म्हणून ते गॅलरीत जाऊन बसले आणि त्यानंतर शनिवार गेला, रविवार गेला, ते कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. मीठ हवं असेल तर उठून घ्यायचे.

सून मात्र त्या संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा पडला होता. "आई, मी ते पाठवलं. खोटं माझ्या हातून गेलं."

"तू विचारलं होतंस. मी हं म्हटलं."

"मग आता?"

"आता नीट लिहायचं."

रविवारी दुपारी दोघी टेबलाशी बसल्या. सिस्टरांची दोन पानं, त्यांनी लिहून दिलेलं पत्र आणि रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत मधे ठेवली. सुनेला दर वाक्यात काहीतरी सजवायचा मोह व्हायचा. 'अत्यंत काळजीपूर्वक' लिहू या का? सेटमावशी म्हणायची, "नको. काळजी कशी घेते ते लिही." चार वेळा खोडून पाचव्यांदा जमलं.

'शिक्षण दहावी उत्तीर्ण. बारावीला एका विषयात अनुत्तीर्ण. पहिल्या अर्जात उत्तीर्ण असे चुकीचे कळवले आहे.

ऑपरेशनची हत्यारे धुणे, तपासणे, मोजणे, बांधणे व वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करणे, अठरा वर्षे. रोज पस्तीस ते चाळीस सेट.

सामान्य, प्रसूती व हाडांच्या ऑपरेशनचे सेट यादी न बघता रचता येतात. तरी यादी बघूनच रचते.

यंत्राची रोजची तपासणी, आठवड्याची चाचणी व त्यांची नोंदवही सांभाळली.

तीन वर्षांपूर्वी आतील पट्टीचा रंग अपुरा दिसल्याने चौदा सेट रोखले. यंत्रात बिघाड निघाला. नोंद व तत्कालीन मुख्य परिचारिकेचे पत्र सोबत.'

सुनेने वाचून बघितलं. "पहिलीच ओळ अशी? निदान खाली तरी टाकू या."

"खाली टाकली तर ते वरच्या चार ओळी वाचून खूश होतील आणि मग त्यांना फसल्यासारखं वाटेल. आधी वाचू दे. मग वाटलं तर पुढचं वाचतील."

सोमवारी सकाळी ती बसने जायला निघाली, तर खाली लिफ्टवाले स्कूटर सुरू करून उभे. त्यांनी तिला हेल्मेट दिलं. पूल ओलांडेपर्यंत दोघं गप्प. रुग्णालयाच्या फाटकाशी ती उतरली, हेल्मेट परत दिलं. त्यांनी समोरच्या झाडाखाली स्कूटर लावली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "इथे आहे मी."

आत बाकावर सहा जण होते. सगळे तिच्या निम्म्या वयाचे, प्लॅस्टिकच्या स्वच्छ फायली घेतलेले. एक मुलगी ओठ हलवत काहीतरी पाठ करत होती. सेटमावशीला तहान लागली होती, पण मध्येच नाव पुकारलं तर म्हणून ती पाण्यासाठी उठली नाही. छतातल्या पंख्याची पाती मोजली. तीनच होती, लगेच संपली.

विभागप्रमुख बाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. शेजारी भरती कार्यालयाचा एक माणूस लॅपटॉप घेऊन. सेटमावशी बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे आलेला कागद चुकीचा आहे. हा घ्या," आणि नवा कागद पुढे केला.

भरतीवाल्याने पहिली ओळ वाचली आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "मग प्रश्नच मिटला. बारावी ही किमान अट आहे. आणि शिवाय तुम्ही खोटी माहिती दिली होती."

"हो."

"कोणी भरून दिली?"

क्षणभर सुनेचा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. "मीच," ती म्हणाली.

तो माणूस पुढचं नाव पुकारायला उठत होता. विभागप्रमुख बाई मात्र अजून वाचत होत्या. पाचव्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं होतं.

"चौदाच्या चौदा का रोखले? पट्टी तर एकाच सेटची बघितली होतीत."

"एकाच फेरीतले होते, मॅडम. एकाला वाफ पोचली नाही, मग बाकीच्यांना पोचली हे मी कशावरून म्हणू?"

"आणि समजा तुमचं चुकलं असतं? यंत्र ठीक असतं?"

सेटमावशीने विचार केला. "तर ऑपरेशनला उशीर झाला असता आणि मला कामावरून काढलं असतं."

"त्या वेळी हे डोक्यात होतं?"

"फार होतं. ट्रॉली घट्ट धरून उभी होते."

बाई उठल्या. "या माझ्याबरोबर."

तो विभाग म्हणजे तिच्या खोलीच्या दहापट. पांढरा उजेड, चार यंत्रं, आकडे दाखवणारे पडदे. यातलं एकही बटण ओळखीचं नव्हतं. बाईंनी टेबलावरचं एक बांधलेलं गाठोडं पुढे सरकवलं. "हे वापरायला द्याल?"

तिने हात धुतले, पुसले, आणि मग गाठोड्याला हात लावला. वरची चिकटपट्टी बघितली, तारीख बघितली. कोपऱ्यांवरून बोटं फिरवली. मग ते उचलून उजेडाकडे धरलं. "नाही देणार."

"का?"

"खालच्या घडीला बारीक भोक आहे. टाचणीएवढं. कुठेतरी घासलंय."

बाईंनी वाकून बघितलं. त्यांनी गाठोडं परत जागेवर ठेवलं नाही. धुण्याच्या बाजूला सरकवलं. शेजारी काम करणाऱ्या मुलाने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

परत खोलीत आल्यावर बाई सरळ बोलल्या. "तंत्रज्ञाची जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही. नियम माझा नाही, पण मी तो मोडणार नाही. सहायकाची एक जागा आहे. तिला दहावी चालते. पगार कमी, सहा महिने बघून मग पुढचं. आणि तुमच्या फायलीत पहिल्या अर्जाची नोंद राहील. ती मी काढणार नाही."

"राहू दे, मॅडम," ती म्हणाली. "काम कुठलं असेल?"

"बांधणीच्या टेबलावर. यंत्र चालवायचं नाही, निदान सुरुवातीला."

बाहेर आली तेव्हा ऊन चढलं होतं. झाडाची सावली सरकली होती आणि लिफ्टवाले स्कूटरवर उन्हातच बसून होते. ती समोर येऊन उभी राहिली. काय झालं असं त्यांनी विचारलं नाही, पण हेल्मेट पुढे करायच्या ऐवजी मांडीवर धरून ठेवलं.

"सहायक म्हणून घेतलंय. तंत्रज्ञ नाही. पहिल्या तारखेपासून."

"बारावीचं सांगितलंस?"

"कागदावरच लिहिलं होतं. पहिल्या ओळीत."

त्यांनी रुग्णालयाच्या उंच इमारतीकडे बघितलं, मजले मोजल्यासारखं. "लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे बघितलंस का?"

तीन दिवसांनी ते तिच्याशी असं नेहमीसारखं बोलले. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"नाही हो. लिफ्ट लागलीच नाही. तळमजल्यालाच आहे आमचा विभाग."

"बघून ये पुढच्या वेळी," ते म्हणाले आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं. राग अजून पुरता गेलेला नव्हता. स्कूटरला किक मारतानाही तो त्यांच्या खांद्यांत दिसत होता. पुलावर वारा जोरात होता. त्यांनी मागे न वळता मोठ्याने विचारलं, तिथून सुटी किती वाजता होते, आणि तिने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, पाच.